फुल स्क्रीन

खांदा कॉलनीत मोबाइलची दुकानं पावलोपावली होती, पण मेमरी कार्डात लग्नाचा व्हिडिओ भरून घ्यायचा असला की लोक कल्पेशच्याच दुकानाचा पत्ता सांगायचे. दुकान कसलं, दोन इमारतींच्या मधल्या बोळात बसवलेलं एक शटर. आत काचेचं काउंटर, जुना कॉम्प्युटर आणि चाकाच्या खुर्चीत कल्पेश. पण काउंटरच्या वर त्याने लाल रेडियमच्या अक्षरांत लिहून घेतलं होतं, 'लग्न, हळद, बारसं : फुल स्क्रीन करून मिळेल.' त्यातल्या शेवटच्या चार शब्दांवर ह्या माणसाचा सगळा रुबाब उभा होता.

हे दिवस दोन हजार आठ-नऊचे. गावोगाव चायना मोबाइल आले होते, तीन-तीन सिमचे आणि अख्खी आळी जागी करतील अशा आवाजाचे. लग्नाची सीडी टीव्हीवर लावायची तर घरातल्या सगळ्यांची मिनतवारी करावी लागते. तीच फोनात असली की नवरीची मावशी भाजीवालीलाही जावई दाखवून मोकळी होते. म्हणून जो तो कार्ड घेऊन कल्पेशकडे. अडचण एकच होती. सीडीवरचं चित्र आडवं आणि फोनचा पडदा उभा. आडवं चित्र उभ्या पडद्यात जसंच्या तसं बसवलं की मध्ये काडेपेटीएवढं लग्न दिसायचं आणि वर-खाली नुसत्या काळ्या पट्ट्या. गिऱ्हाईक लगेच तोंड वाकडं करायचं. "अर्धा फोन रिकामाच ठेवलाय की रे!"

दुसरा उपाय होता. चित्र फिरवून भरायचं आणि फोन आडवा धरून बघायचं. काही कापलं जात नाही, मोठंही दिसतं. पण आडवा फोन धरलेला माणूस त्या काळात येडा दिसायचा. एका गिऱ्हाइकाने तर विचारलं होतं, "मान वाकडी करून बगायचा काय?" तेव्हापासून कल्पेशने तो उपाय सांगणंच सोडून दिलं. तो तिसरा उपाय करायचा. कॉम्प्युटरवर चित्राच्या मधोमध एक उभी चौकट आखायची, दोनशे चाळीस गुणिले तीनशे वीस, अगदी फोनच्या पडद्याच्या मापाची. चौकटीच्या आत नवरा-नवरी घ्यायची आणि बाहेरचं सगळं उडवायचं. डावीकडचं एक पाव, उजवीकडचं एक पाव. कडेला असतं तरी काय? खुर्च्या, पंखे, जांभया देणारे पाहुणे. उरलेलं चित्र पडदाभर पसरायचं, नवरी ठसठशीत दिसायची आणि गिऱ्हाईक खूश होऊन जायचं. कडेला उभी असलेली माणसं काही तक्रार घेऊन दुकानात येत नाहीत.

कल्पेशची आई गुणाबाई त्याच्यापाशीच राहायची, ओवे गावात. सरकारने शेत घेतलं, मोबदल्यात प्लॉट आला, प्लॉटवर दुमजली घर उभं राहिलं, पण बाईचे हात काही रिकामे बसायला शिकले नाहीत. पावसाळ्याआधी गच्चीवर सुकट आणि बोंबील वाळत घालायचे आणि कावळ्यांशी भांडत बसायचं, हा तिचा उन्हाळा. नवरा गेला तेव्हा कल्पेश शाळेत होता. थोरली किशोरी तिने एकटीने उजवली, जासईला दिली. किशोरीचा संसार म्हणजे सासू-सासरे, दोन पोरं, कंटेनरच्या यार्डातली नवऱ्याची शिफ्ट. तिला माहेरी यायला सणासुदीशिवाय फुरसत नव्हती. गुणाबाई तिच्या नावाने उसासे टाकायची आणि विचारलं तर म्हणायची, "मी कशाला टाकीन उसासं? बोंबलाचा वास चढलाय नाकात."

कल्पेशने आईला एक चायना मोबाइल आणून दिला तेव्हा तिने पहिली मागणी केली ती हीच. "माजे पोरीची हलद घाल त्यान. मना ती बगायची हाय."

किशोरीच्या हळदीची सीडी कपाटात होती. एकच होती. पनवेलच्या कृष्णकांतने शूटिंग केलं होतं, दोन हजार तीन साली. किशोरीने लग्नानंतर ती सासरी नेऊन चार वेळा बघितली होती आणि आईला करमत नाही म्हणून परत आणून दिली होती. कल्पेशने ती दुकानात नेऊन कॉम्प्युटरमध्ये घातली. आधी चित्र जसंच्या तसं भरलं, घरी आणून आईला दाखवलं. गुणाबाईने फोन नाकाजवळ नेला, मग हातभर लांब धरला, मग पुन्हा नाकाजवळ नेला. "यान मुंग्याच दिसतान रे. माजी पोरगी खय?"

दुसऱ्या दिवशी त्याने चौकट आखायला घेतली आणि चिडला. कृष्णकांतने कॅमेरा धड धरलाच नव्हता. नवरी पाटावर बसलेली, तर ती चित्राच्या मधोमध असायला हवी. ही आपली डाव्या अंगाला सरकलेली, आणि उजवीकडे उगाच मांडवाचा खांब आणि खांबाशी उभी आई. सगळी हळद अशीच. "कृष्णकांतभाऊंनी त्या दिवशी घेतली होती वाटतं," असं शेजारच्या झेरॉक्सवाल्याला सांगून तो हसला सुद्धा. चौकट मधोमध ठेवली तर किशोरीचा खांदा कापला जात होता. म्हणून त्याने ती हाताने डावीकडे सरकवली, किशोरी बरोबर मध्ये येईपर्यंत. खांब गेला, खांबाजवळची आई गेली.

ते त्याच्या लक्षात आलं नाही असं नाही. आलं. घरी येऊन त्याने आईच्या हातात फोन दिला आणि म्हणाला, "आये, फुल स्क्रीन केलाय. पण तू कापली गेलीस."

गुणाबाई ऐकत होती कुठे! पडदाभर किशोरी होती, गालाला हळद, डोळे मिटलेले, ओठांत हसू दाबलेलं. भामा आत्या तिच्या कपाळाला हळद लावत होती. गुणाबाईने पदराने आधी पडदा पुसला, मग डोळे पुसले. "कशी दिसतेय रे बाय माजी," ती म्हणाली. कल्पेशने पुन्हा सांगितलं, तू नाहीस ह्यात. तेव्हा ती म्हणाली, "मी कशाला पायजे? मी तवाबी कडंलाच होतू. माजी पोरगी दिसली, जालं."

ती कडेला होती हे खरं होतं. हळद तिनेच कांडली, तिनेच भिजवली, पण लावायची सवाशिणींनी. तिला कुणी लांब हो म्हटलं नव्हतं. म्हणायची वेळच येऊ न देता ती आपण होऊन खांबाशी जाऊन उभी राहिली होती, हातात हळदीची परात घेऊन. बायकांची वाटी रिकामी झाली की भरून पुढे करायची. पोटच्या पोरीची हळद तिने अशी हातभर अंतरावरून केली होती.

मग तिने सीडी उचलून विचारलं, "ही आता लागंल का?"

"नाय. सगला आलाय फोनमदी. टाक."

टाकते कसली! वस्तू टाकायची तिला सवयच नव्हती. गच्चीवर बोंबलांच्या दोऱ्यांवर तिने ती सीडी सुतळीने टांगली. वारा आला की गरगर फिरायची, उन्हात चमकायची आणि कावळे पळायचे. ओव्यात त्या वर्षी पुष्कळ गच्च्यांवर अशा सीड्या लटकत होत्या. गुणाबाई तिथेच सावलीला बसून फोनवर पोरीची हळद बघायची. कल्पेशच्या कॉम्प्युटरची डिस्क भरली तेव्हा त्याने मोठ्या फाइली उडवल्या, त्यात ही पण उडवली. फोनात आहे, मग काय अडलंय!

दोन हजार बाराच्या मार्गशीर्षात गुणाबाई गेली. आदल्या दिवशी छातीत कळ आली म्हणाली, दुसऱ्या दिवशी नव्हती. भिंतीवर लावायला फोटो शोधला तर मतदान कार्डावरचा निघाला, तोच मोठा करून घेतला. त्यात ती पोलिसांनी पकडून नेल्यासारखी बघत होती. कल्पेशच्या दुकानभर कॅमेऱ्याचे फोन होते. गिऱ्हाइकाला दाखवायला त्याने बोळातल्या कुत्र्याचे, समोरच्या वडापावच्या गाडीचे व्हिडिओ काढले होते. आईचा एकही नव्हता. रोज समोर दिसणाऱ्या माणसाचा व्हिडिओ कोण काढतं? आणि काढायला जावं तर तीच पदर तोंडावर घ्यायची.

दिवसकार्य उरकलं, पाहुणे गेले. किशोरी निघायच्या आधी कल्पेशजवळ येऊन बसली. रडून रडून तिचा आवाज बसला होता. तिने पिशवीतून नवा फोन काढला. नवऱ्याने दिवाळीला घेतलेला, नुसत्या पडद्याचा, बटणं नसलेला.

"कल्प्या, माजी हलद यान घालून दे. ह्यो फोन आडवा केला का टीवीसारका दिसतो. सगला मावंल. मना आईला बगायचा हाय."

कल्पेशने तो फोन हातात घेऊन उलटापालटा करून बघितला.

"फोटोन ती आईच नाय वाटत रे," किशोरी म्हणाली. "हलदीन ती खांबाशी हाय बग. परात घेऊन. सारखी लवून लवून बगतेय माज्याकडं. मी सीडी बगताना हसायची, ही बाय परातीत पडंल एक दिवस. मना ती हलताना बगायचीय. माजी पोरं इसरतील तिला. मी सुदा इसरंन."

"देतो," कल्पेश म्हणाला. "फोन ठेव. संक्रांतीला येशील तवा घेऊन जा."

ती गेल्यावर त्याला वाटलं, सांगून टाकायला हवं होतं. पण काय सांगायचं? आईचं हलतंचालतं चित्र जगात एकाच ठिकाणी होतं आणि तिथून तिला मीच काढली, हे? बहिणीच्या पिशवीत अजून दिवसकार्याचे लाडू होते.

दुसऱ्या दिवशी तो गच्चीवर गेला. दोरी होती, सुतळी होती, सीडीही होती. आईने तीन उन्हाळे ती बोंबलांवर टांगली होती आणि मध्ये दोन पावसाळे काढायची राहून गेली होती. कल्पेशने ती हातात घेतली. वरची चंदेरी साल निघून गेली होती, काठाला दोन-चार पोपडे उरले होते. बाकी नुसतं प्लास्टिक. त्यातून पलीकडची टाकी दिसत होती. तरी त्याने ती पुसली आणि दुकानात नेऊन ड्राइव्हमध्ये घातली. ड्राइव्ह थोडा वेळ घरघरला आणि ट्रे बाहेर आला. त्याने पुन्हा आत ढकलला, तो पुन्हा बाहेर आला.

मग ह्या माणसाने असं काही केलं की त्याच्या गिऱ्हाइकाने केलं असतं तर तो पोट धरून हसला असता. त्याने आईच्या फोनमधला तो कापलेला व्हिडिओ कॉम्प्युटरवर घेतला आणि सेटिंगा बदलायला लागला. फुल स्क्रीन काढून मूळ आकार केला. चार-तीन करून बघितलं, सोळा-नऊ करून बघितलं. किशोरी पसरट झाली, भामा आत्या दुप्पट रुंद झाली, आई आली नाही. रिझोल्यूशन सहाशे चाळीस केलं, मग बाराशे ऐंशी केलं. त्याला पक्कं ठाऊक होतं की कापून टाकलेलं परत येत नाही. लोक येऊन विचारायचे, 'फोटोत पाय नाही आले, झूम आउट करून द्या ना,' तेव्हा तोच त्यांना समजावायचा. तरी यादीतलं एकेक माप तो निवडत राहिला, एखादं माप आईला घेऊन येईल अशा आशेने. समोर कार्ड घेऊन गिऱ्हाईक उभं होतं. ते कंटाळून निघून गेलं तरी ह्याला पत्ता नव्हता.

त्याच नादात त्याला दोन गोष्टी सापडल्या, ज्या त्याने इतक्या वर्षांत पाहिल्या नव्हत्या. भामा आत्याची वाटी रिकामी होते, तेव्हा उजव्या कडेने एक हात आत येतो. बांगडी नसलेलं मनगट, बोटं हळदीने पिवळी. वाटी घेतो, भरलेली वाटी पुढे करतो, जातो. आणि एकदा भामा आत्या किशोरीच्या पापणीवरून हात फिरवते तेव्हा कडेबाहेरून आवाज येतो, "डोल्यान जाल गो तिचे! जरा दमान!" त्यावर डोळे मिटलेली किशोरी खुदकन हसते, डोळे उघडते आणि उजवीकडे बघते. तिकडे चित्र संपलेलं असतं.

कल्पेशने तेवढा तुकडा किती वेळा लावला त्याला गणती नाही. शटर अर्धं खाली ओढून तो भरदुपारी लहान पोरासारखा रडला.

शेवटची आशा होती कृष्णकांत. त्याचा स्टुडिओ पनवेलात लाईन आळीत होता. आता तिथे फोटोच्या फ्रेमा आणि लॅमिनेशन एवढंच उरलं होतं. स्वतः कृष्णकांत काउंटरमागे पेपर वाचत बसला होता, केस पार पांढरे. कल्पेशने ओळख सांगितली, आई गेल्याचं सांगितलं आणि विचारलं, "भाऊ, कॅमेऱ्यातली मूळ कॅसेट असेल का? किशोरीच्या हळदीची?"

"नाही रे बाबा," कृष्णकांत म्हणाला. "एका कॅसेटवर आम्ही चार-चार लग्नं काढायचो. सीडी दिली की पुढचं लग्न त्याच्यावरच. सगळेच तसं करायचे." मग त्याने चष्मा काढला. "पण हळद मला आठवते तुमच्याकडची. तुझी आई खांबाजवळ होती ना, परात घेऊन? मी तिला दोनदा म्हटलं, ताई, मुलीजवळ या, एक शॉट घेतो. ती हात जोडून नको म्हणाली. मला काही ते बरं वाटेना. आईच नाही म्हणजे काय! मग मी काय केलं, नवरीला एका बाजूला घेतलं आणि खांबाकडची जागा सोडली. सबंध हळद तशीच काढली. तिला पत्ता नाही, पण आली की नाही बघ आख्ख्या हळदीत? अरे, सीडी आहे ना तुझ्याकडे? आहे ना नीट?"

कल्पेशने काउंटरवरची एक रिकामी फ्रेम उचलली आणि परत ठेवली. परक्या माणसाने कॅमेरा वाकडा धरला, तो आईसाठी. आणि पोटच्या पोराने त्याला दारुडा ठरवलं आणि चौकट हाताने सरकवून आईला बाहेर काढलं. पट्ट्या दिसू नयेत म्हणून.

"आहे, भाऊ," तो कसाबसा म्हणाला. "नीट आहे."

संक्रांतीला किशोरी आली. तीळगूळ नाही, हळदीकुंकू नाही, पहिलं वर्ष दुःखाचं. पोरांना अंगणात सोडून ती सरळ भावापाशी येऊन बसली आणि हात पुढे केला. "दे. भरलास ना?"

कल्पेशने भरला होता. जे होतं ते भरलं होतं. फोन तिच्या हातात देण्याआधी त्याने सगळं सांगितलं. काडेपेटीएवढं चित्र, आईचे अधू डोळे, चौकट, गच्चीवरची सीडी, सगळं. कृष्णकांतने नवरीला बाजूला का घेतलं होतं तेही सांगितलं. ते सांगायची गरज नव्हती, पण त्याला ते एकट्याने वागवणं झेपत नव्हतं.

किशोरी ऐकत राहिली. तिचा चेहरा आधी कोरा झाला, मग लाल झाला.

"तुला दिसली ना रे ती तवा?" तिने विचारलं. "कापताना दिसली ना तुला?"

"दिसली."

"आनि तरी कापलीस."

"व्हय."

"फोन आडवा धर म्हनून सांगायचास ना तिला! तिनं धरला असता. माज्यासाटी सोताला उलटं टांगून घेतलं असतं तिनं!"

लोक हसतात म्हणून जो उपाय त्याने गिऱ्हाइकांना सांगायचं सोडलं होतं, तो त्याने आईलाही सांगितला नव्हता. तिला त्याने गिऱ्हाईकच धरलं होतं. किशोरीने पदर तोंडात कोंबला आणि हुंदके देऊन देऊन रडली. अंगणातून पोरं दारात येऊन उभी राहिली आणि आईचा अवतार बघून परत फिरली. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "ही कापलेली हलद मी पन बगितली होती ना रे एकदा? आईचे फोनवर. मना पन नाय कललं ती नाय ते. मी माजंच तोंड बगत बसली होती."

मग तिने फोन उचलला आणि व्हिडिओ लावला.

नव्या फोनच्या उभ्या पडद्यावर ती स्वतःच होती, पडदाभर, नऊ वर्षांपूर्वीची, अंगभर पिवळी. चित्र फुटत होतं, चेहऱ्याचे चौकोन होत होते, जुन्या फोनसाठी केलेलं ते. किशोरीने ते थोडा वेळ बघितलं आणि फोन आडवा केला. नव्या फोनवर सगळं आडवंच बघायचं, एवढीच त्यामागे सवय. चित्र फिरलं, लहान झालं आणि मध्ये उभं राहिलं. दोन्ही अंगांना काळ्या पट्ट्या आल्या, डावीकडे एक आणि उजवीकडे एक.

भामा आत्याची वाटी रिकामी झाली. उजव्या काळ्या पट्टीतून हात बाहेर आला. बांगडी नसलेला, पिवळ्या बोटांचा. त्याने वाटी घेतली, भरलेली पुढे केली आणि तो परत काळ्यात गेला.

किशोरीने बोट त्या पट्टीवर टेकवलं, हात गेला तिथेच. "इतं खांब होता," ती म्हणाली. बोट जरासं वर सरकलं. "आनि इतं ती."

पट्टीतून आवाज आला, डोल्यान जाल गो तिचे, जरा दमान. पाटावरची किशोरी हसली, डोळे उघडले आणि मान वळवून नीट त्या काळ्या पट्टीकडे बघायला लागली.

चित्र एवढंसं दिसतंय आणि पडदा अर्धा रिकामा आहे, हे कल्पेशच्या डोळ्यांना सोसेना. इतक्या वर्षांची सवय. पडदाभर करायचं चिन्ह कोपऱ्यात होतं आणि त्याचा अंगठा आपोआप तिकडे गेला. किशोरीने त्याचं मनगट घट्ट धरलं.

"नको," ती म्हणाली. "राहू दे ती पट्टी. आई हाय तितं."

कल्पेशने हात मागे घेतला. व्हिडिओ संपला तेव्हा तिने तो पहिल्यापासून पुन्हा लावला, आणि दोघं फोन आडवा धरून, नवरीला सोडून, उजवीकडच्या काळ्याकडे बघत बसली.